मामा, जरा फ्रेमच्या बाहेर!

काल रात्री भाचीच्या लग्नाच्या फोटोंची लिंक आली. हजाराच्या वर फोटो. जेवण बाजूला ठेवून बघत बसलो आणि झोपायची वेळ झाली तोवर मी स्वतःला सापडलो तो असा: एका फोटोत उजवा कान, एकात फेट्याचा तुरा आणि एकात मठ्ठ्याचा ग्लास धरलेला हात, जो माझाच आहे हे बायकोने अंगठीवरून ओळखलं. अहो, मी मुलीचा सख्खा मामा आहे, कार्यालय चुकून दुसऱ्याच्या पंगतीला बसलेला माणूस नाही!

झालं असं की यावेळी 'डॉक्युमेंटरी स्टाईल' फोटोग्राफर लावला होता. पोझ नाही, स्टेजवरची रांग नाही, 'स्माईल प्लीज' नाही, जे घडेल ते घडेल तसं टिपायचं. ऐकायला मलाही छान वाटलं होतं, कारण या विषयावर थोडंफार वाचलंय. अमेरिकेत डेनिस रेजी नावाच्या फोटोग्राफरने हा प्रकार गाजवला. 1996 साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मुलाचं, केनेडी ज्युनियरचं लग्न एका बेटावरच्या छोट्याशा लाकडी चर्चमध्ये झालं, बाहेर पडताना त्याने नव्या बायकोच्या हातावर ओठ टेकवले आणि या रेजीने अंधार पडत असताना तेवढा क्षण उचलला. त्याच्याही कितीतरी आधीचा फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ तर लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या टेपने झाकायचा.

आमच्याकडे जी टीम आली तिच्यात पाच-सहा पोरं, छत्रीएवढाले लाईट, हॉलमधल्या पंख्यांमुळे उडवता न आलेला आणि म्हणून शेवटी पार्किंगमध्ये चपला शोधणाऱ्या लोकांवर उडवलेला एक ड्रोन, आणि नुसता मोबाईल घेऊन फिरणारी एक मुलगी. ती फोटोग्राफर नव्हती. ती 'कंटेंट' होती.

मंगलाष्टकांना मी रीतीप्रमाणे भाचीच्या मागे उभा. तर अंबाडावाला मुख्य फोटोग्राफर (हो, त्याला अंबाडा होता, नवरीपेक्षा घट्ट) म्हणाला, "काका, जरा फ्रेमच्या बाहेर, बॅकग्राउंड क्लीन हवंय." म्हटलं, अरे मी बॅकग्राउंड नाही, मी मामा आहे. तर म्हणतो, "हो काका, पण रील उभं असतं ना." आता यात त्याचंही खोटं नाही. अंतरपाट हा मुळात आडवा कार्यक्रम आहे, एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला नवरी, मधे कापड, दोघांच्या मागे दोन मामा. आणि रील नऊ बाय सोळाचं, म्हणजे फडताळासारखं उभं. त्यात दोन मामा बसत नाहीत. 2020 साली रील्स आपल्याकडे आली आणि मामा नावाची संस्था दोन्ही बाजूंनी कापली गेली, कोणी निषेधही केला नाही.

मी आशेनं गुरुजींकडे बघितलं. म्हटलं धर्माची बाजू घेणारा निदान एक माणूस आहे इथे. गुरुजींनी कॉलरला लावलेला माईक दोन बोटांनी टकटक वाजवला आणि म्हणाले, "मामा, सरका हो थोडे. तुमची सावली मुलीवर पडतेय." मग अंबाड्याला, "तुझा तो लाईट या बाजूने घे, माझी डावी बाजू बरी येते." मग पाहुण्यांना, "अक्षता मारायच्या नाहीत, उधळायच्या! वरून खाली येऊ देत, मागून उजेड आहे, छान दिसतात!" शेवटचं मंगलाष्टक झालं, 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, हार पडले, आणि अंबाडा ओरडला, गुरुजी, फोकस गेला, परत एकदा!

माझी बहीण घाबरून म्हणाली, "अहो गुरुजी, मुहूर्त?" गुरुजी एकदम शांत. म्हणाले, "घटिका चोवीस मिनिटांची असते ताई. दोन टेक आरामात बसतात."

अंतरपाट परत धरला. हार काढून परत हातात दिले. नवऱ्याने त्याच बायकोकडे पहिल्यांदा बघितल्यासारखं परत बघितलं, आणि ते पहिल्यापेक्षा बरं आलं असं सगळ्यांचं मत पडलं. पुढे होमाच्या वेळी गुरुजींनी आपणहून विचारलं, "धूर हवाय की ज्वाला? दोन्हीची सोय आहे." अंबाडा भारावून गेला. धूर घेतला. माझ्या डोळ्यांत तोच गेला आणि पाणी आलं, तर लगेच कंटेंटवाली धावत आली, "काका, मस्त! कॅमेऱ्याकडे बघू नका. तुम्ही रडताय, पण तुम्हाला माहीत नाही की तुम्ही रडताय." मी तिला सांगितलं की मला चांगलं माहीत आहे आणि ते समिधा ओल्या असल्यामुळे आहे. ते फुटेज वापरलेलं नाही. कारण उघड आहे, मी बोलताना तोंड हललं.

आमच्या वेळचे व्हिडिओवाले काही साधुसंत नव्हते. हॅलोजन असा मारायचे की निम्मं वऱ्हाड डोळे मिटलेलं, आणि कॅसेटमध्ये नवरा-नवरी बदामातून बाहेर यायचे, कमळात मावळायचे. पण आहेराच्या रांगेतला प्रत्येक माणूस त्यात होता. माझ्या लग्नाचा तो चिकट पानांचा अल्बम आजही उघडला की कोण आलं होतं, कोणाच्या अंगावर कोणती साडी होती, कोण कोणाशी बोलत नव्हतं, सगळं कळतं. ती खरी डॉक्युमेंटरी. इथे हजार फोटोंत मेंदीचे हात, पैंजण, दिव्याची वात, समईमागे धूसर नवरी, झालरीतून येणारा उजेड आणि एका जोड्याचा, म्हणजे बुटाच्या जोड्याचा, सहा कोनांतून क्लोजअप.

आमची अकोल्याची मावशी या वयात रात्रभर बसचा प्रवास करून आली होती. तिचा एक धड फोटो नाही. मी आज सकाळी फोन करून अंबाड्याला विचारलं तर म्हणाला, "त्या आजी दर वेळी कॅमेऱ्याकडे सरळ बघत होत्या ना काका, मग कॅंडिड येत नाही. ते आम्ही सिलेक्शनमध्ये घेत नाही." म्हणजे फोटो काढलाय म्हणून बिचारी नीट पदर सावरून बघत राहिली, आणि तोच तिचा गुन्हा. म्हटलं मग न निवडलेले तरी पाठव. तर "रॉ देत नाही, पॉलिसी आहे." पैसे मात्र नॅचरल नाहीत, ते ॲडव्हान्स घेतले, ठरवून, पोझ देऊन.

डिसेंबरात धाकट्या भाच्याचं लग्न आहे. अंबाडा बुक झालाय आणि गुरुजीही तेच, दोघांची आता जोडी जमलीय आणि एकत्र घेतलं तर दर कमी लागतो म्हणे. ग्रुपवर मेसेज पण आलाय की सर्व नातेवाइकांनी कृपया फिकट रंग घालावेत, फोटो एकसारखे येतात. बायकोने माझ्यासाठी पिस्ता रंगाचं कापड बघून ठेवलंय. मी गुपचूप मोरपंखी शिवायला टाकलाय, जरीकाठाचा. कान दिसला तरी कोणाचा ते लांबून कळलं पाहिजे.