खाडा

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी जे कॅलेंडर टांगलेलं असतं, त्याच्यावर तीन खात्यांचा कारभार चालतो. दूध, गॅस आणि भिशी हे बायकोचं खातं. संकष्टी, एकादशी आणि कुणाचं श्राद्ध कधी, हे आईचं. भारतीय फुटबॉल संघाचे सामने हे माझं. एका तारखेला चौकोन मिळतो टपालाच्या तिकिटाएवढा, त्यात आधीच तिथी-नक्षत्र छापलेलं. उरलेल्या जागेत आम्ही तिघं भांडतो.

आईचं खातं सगळ्यात सुखी. वर्षभराच्या संकष्ट्यांचा चंद्रोदय मिनिटासकट छापून येतो. चंद्र कधी पुढं ढकलला जात नाही, त्याचं मैदान ऐनवेळी बदलत नाही, आणि तो कुठल्या ॲपवर दिसणार हेही शोधावं लागत नाही. माझ्या खात्यात मात्र सगळं पेन्सिलीनं लिहायचं. नुसतं खोडून खोडून जूनचं पान एकदा फाटलं होतं.

भांडणाला तोंड फुटलं ते २०२५च्या मार्चअखेरीस. पंचवीस तारखेला शिलाँगला भारत-बांगलादेश मॅच झाली, बरोबरीत सुटली. मी इमानदारीत चौकोनात लिहिलं, ‘०-०’. आमच्याकडं दूध दोन वेळचं. सकाळचं एक लिटर, संध्याकाळचं एक. ज्या वेळी दूध आलं नाही त्या वेळेला बायको शून्य घालते. महिनाअखेरीला तिनं हिशोब केला आणि पंचवीस तारखेचा दोन्ही वेळचा खाडा धरून मामांचे दोन लिटरचे पैसे कापले. मामा म्हणजे आमचे दूधवाले. तीस वर्षांत त्यांनी पावसात, पुरात, पंचगंगा रस्त्यावर आली तरी दूध चुकवलेलं नाही. ते दारात उभे राहून एवढंच म्हणाले, “वहिनी, पंचवीसला दोन्ही टायमाला दिलंय की.”

मी पुढं होऊन खुलासा केला. मामांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “इंडियाची पण टीम हाय व्हय?”

हे कोल्हापुरात विचारलं जातं, ही खरी गंमत आहे. कोकणात समुद्र आहे का विचारावं तसं हे. आमच्या पेठांत पोरगं चालायच्या आधी लाथ मारतं. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या पेठांतल्या दोन संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नसते. वर्ल्डकप आला की अर्ध्या गल्लीवर ब्राझीलचा झेंडा, अर्ध्या गल्लीवर अर्जेंटिनाचा, आणि दोन्हीकडचे नातेवाईक महिनाभर एकमेकांकडं जेवायला जात नाहीत. म्हणजे खालची पेठ झाली, वरचं ब्राझील झालं. मधे जो एक देश राहतो, त्याच्यासाठी आमच्या अख्ख्या गल्लीत मी एकटा रात्रीचा जागतो.

मामांना मी हे सांगितलं नाही, पण दोन शून्यांच्या हिशोबानं २०२४ साल आमच्या घराला फार स्वस्त पडलं असतं. अफगाणिस्तान, ०-०. कुवेत, ०-०. मॉरिशस, ०-०. त्यातली अफगाणिस्तानची मॅच सौदी अरेबियात, आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झाली. मी आवाज बंद करून, पांघरुणाच्या आत मोबाईल धरून बघितली. चोरून बघायचं ते काय, तर ०-०! कुवेतची मॅच सहा जूनची, कोलकात्याची, सुनील छेत्रीची निरोपाची. ९४ गोल केलेला माणूस रडत मैदानाबाहेर गेला. मी इकडं कांदा चिरायला मागून घेतला, म्हणजे कुणी काही विचारायला नको. पुढच्याच आठवड्यात दोह्याला आपण कतारविरुद्ध १-०नं पुढं होतो. चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, त्यांच्या खेळाडूनं तो आत ओढला, तिथनं गोल झाला आणि तो दिलाही गेला. शेवटी २-१. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या डबा खायच्या टेबलावर लोणच्याच्या फोडीनं चेंडू कुठं होता ते दाखवत होतो. साहेब बराच वेळ बघून म्हणाले, “फोड खाणार आहात का?”

त्या अख्ख्या वर्षात अकरा मॅचेस झाल्या आणि आपण एकही जिंकलो नाही. पुढं मार्चमध्ये मालदीवला ३-०नं हरवलं, तेव्हा आधीच्या विजयाला ४८९ दिवस झाले होते. हा आकडा मी स्वतः मोजलाय, कॅलेंडरची पानं उलटून. त्या मॅचमध्ये एक गोल छेत्रीचा होता. निरोप घेतलेला माणूस परत आला होता. चपला घालून दारापर्यंत गेलेला पाहुणा “एक कप चहा घेतोच” म्हणून परत बसतो ना, तसा. पण त्याच्याशिवाय गोल तरी कोण करणार? म्हणून आम्हीही चहा टाकला.

मग सुरू झाले आशिया कपच्या पात्रतेचे जर-तर. गटात चौघं, भारत, हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश, आणि पुढं एकच जाणार. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला राशिभविष्याच्या समासात मी गणितं मांडायला घेतली. हाँगकाँग सिंगापूरशी बरोबरीत सुटलं पाहिजे, बांगलादेशानं एकदा तरी कुणाला तरी हरवलं पाहिजे, आणि आपण… आपल्या वाट्याची ओळ मी नेहमी शेवटी लिहायचो. दहावीत प्रमेयाची सिद्धता येत नसली की मी ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ तेवढं सुंदर अक्षरात लिहायचो, तसंच.

हाँगकाँगची मॅच दहा जूनला आली. त्याच दिवशी वटपौर्णिमा. बायकोनं सकाळी वडाला सात फेऱ्या घातल्या, दिवसभर उपास केला. संध्याकाळी मी टीव्हीसमोर, ती मागं सोफ्यावर केळं खात. नव्वद मिनिटं झाली, ०-०. मी हातातली पेन्सिल कॅलेंडरकडं नेणार, तेवढ्यात जादा वेळेत पेनल्टी. ०-१. मी डोकं धरून बसलो. ती म्हणाली, “मी सात जन्म मागितलेत. तुम्ही यांच्यासाठी किती मागितलेत?”

जुलैत प्रशिक्षक गेला. नव्यासाठी १७० अर्ज आले. त्यात एक बार्सिलोना क्लबच्या जगप्रसिद्ध झावीच्या नावानं होता आणि तो कुणीतरी केलेली मस्करी निघाला. तो खोटा आहे हे कळेपर्यंत मी मात्र अर्धा दिवस पेठेत छाती काढून फिरलो. शेवटी खालिद जमीलला नेमलं. आपल्या मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला माणूस. म्हटलं, घरचा आहे, आता जमेल. त्याची पहिली स्पर्धा ताजिकिस्तानात आणि ऐन गणपतीत. गौरीपूजनाच्या दिवशी इराण. घर बायकांनी भरलेलं, मी मोबाईल गौरीच्या शेवंतीच्या वेणीआड टेकवून हात जोडून उभा. मावशी म्हणाली, “बघा जावई किती भाविक!” तीन गोल खाल्ले तोवर मी जागचा हललो नाही. मग आठ सप्टेंबरला चक्क ओमानला पेनल्टीवर हरवून आपण तिसरे आलो. गुरप्रीतनं शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा मी पेढे आणायला निघालो. आईनं दारातच अडवलं. आजपासून पितृपक्ष.

या सगळ्यात खुळेपणाचा कळस म्हणजे चौदा ऑक्टोबर. सिंगापूरची मॅच गोव्यात, मडगावच्या फातोर्ड्याला. कोल्हापुरापासून एवढ्या जवळ भारत खेळतोय आणि आपण घरी? दिवाळीसाठी काजू आणतो, तिकडं स्वस्त मिळतात, असं सांगून मी एसटीनं गेलो. शेजारी एक गोंयकार म्हातारबाबा बसलेले, डोक्यावर गवताची टोपी. चौदाव्या मिनिटाला छांगटेनं लांबनं असला काय हाणला की मी त्यांना मिठीच मारली. त्यांनी मारू दिली. मध्यंतराच्या जरा आधी सिंगापूरनं बरोबरी केली आणि मध्यंतरानंतर त्याच खेळाडूनं दुसरा घातला. साठ लाखांचं सिंगापूर पुढं निघालं होतं. मॅच अजून चालू होती, तरी म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, “पात्रांव, वच घरा आतां,” म्हणाला आणि स्वतःही उठला. पहाटे मी काजू घेऊन घरी. ते कोल्हापुरातल्यापेक्षा किलोमागं ऐंशी रुपयांनी महाग पडले होते.

मोठ्यांचं हे असं असल्यामुळं जाणता माणूस पोरांच्या योजनांकडं वळतो. मी २०१७पासून वळलोय. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप आपल्याकडं झाला. आमचा अनिकेत जाधव संघात होता, म्हणून पेठेत पहिल्यांदा भारताच्या मॅचला पडदा लागला. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारला. वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल! हलगी घुमायला लागली. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल केला, पण तो आम्हाला बऱ्याच उशिरा कळला, हलगीमुळं.

त्याआधी पंधरा सप्टेंबरला महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा उपक्रम झाला होता. माझा पुतण्या तेव्हा चौथीत. संध्याकाळी मी त्याला विचारलं, “किती वेळा पायाला लागला रे बॉल?” तो म्हणाला, “काका, आमच्या वर्गाची पाळी यायच्या आधी तो पत्र्यावर गेला.” म्हणजे ९,९९,९९९ धरायला हरकत नाही.

आता भारतीय फुटबॉल महासंघाचं ‘व्हिजन २०४७’ आहे. साडेतीन कोटी मुलांपर्यंत खेळ न्यायचा आणि २०४७पर्यंत आशियातल्या पहिल्या चारांत यायचं. भुवनेश्वरला अकादमी काढली, तिच्या उद्घाटनाला इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचे एकेकाळचे प्रशिक्षक, साक्षात आर्सेन वेंगर आले. त्याच दिवशी त्याच गावात कतारनं आपल्याला ३-०नं हरवलं, तेही त्यांनी बघितलं असणार. पाहुणे आल्यावरच नळाचं पाणी जातं, हे आमच्याच घरी होतं असं नाही तर! मी कॅलेंडरमागं हिशोब केला. २०४७ला मी अडुसष्टचा. मुलगी चौतिसाची. पुतण्या चाळिशीला टेकलेला. म्हणजे आपल्या घरातनं कुणी बसत नाही. तेव्हा बाविशीत असणारा राइट विंगर जन्मायचा आहे, नाहीतर आत्ता पाळण्यात आहे.

“बाबा,” मुलगी मान वर न करता म्हणाली, “बायकांची टीम आशिया कपला पोचली पण.” मी म्हटलं, कधी? तिनं जुलैचं पान काढून पाच तारखेवर बोट ठेवलं. आषाढीच्या आदला दिवस. चौकोनात आईनं ‘साबुदाणा भिजत घालणे’ लिहिलेलं. त्या संध्याकाळी चियांग माईला आपल्या पोरींनी थायलंडला २-१नं हरवलं होतं, संगीता बासफोरचे दोन्ही गोल. मी काय करत होतो? साबुदाणा भिजत घालत होतो. पुढं वीस वर्षांखालच्या पोचल्या, सतरा वर्षांखालच्याही. मी खजील होऊन विचारलं, तुला कसं माहीत? तर ती शाळेच्या संघात लेफ्ट बॅक खेळते, दोन वर्षं झाली. तिच्या मॅचेस कॅलेंडरवर का नाहीत, विचारलं, तर म्हणे जागा कुठंय?

अठरा नोव्हेंबरला ढाक्याची मॅच आणि धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं, दोन्ही एकाच संध्याकाळी. मॅचला तसा काही अर्थ नव्हता, आपण केव्हाच बाहेर पडलेलो. पण मी पाळण्याशेजारची जागा धरली. एक तर झालरीआड मोबाईल ठेवता येतो. दुसरं, चिरंजीव २०४७च्या नोव्हेंबरात बरोबर बावीस वर्षांचे होतात. मी त्याचा उजवा पाय हळूच दाबून बघत होतो. “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” झालं. आत्या कानाशी वाकली. तिनं “कुर्रर्र” केलं, सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि त्याच क्षणाला, अकराव्या मिनिटाला, बांगलादेशनं गोल केला. माझ्या तोंडून “गेला!” निघालं. बारशात हा शब्द चालत नाही, हे मला पुढचे चार दिवस वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. बावीस वर्षांनी आपण बांगलादेशकडून हरलो. बाळानं तेवढ्यात उजव्या पायानं दुपटं उडवलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बातमी आली की कुरासाओ वर्ल्डकपला पोचलं. दीड लाख वस्तीचं बेट. आमच्या इचलकरंजीच्या निम्मं. मी नुसतं “कुर्रर्र…” एवढंच म्हणालो आणि बायकोनं सवयीनं पाठीत धपाटा घातला.

नोव्हेंबर संपला. मामा हिशोबाला आले, कॅलेंडरपुढं चष्मा लावून उभे राहिले आणि अठरा तारखेवर थांबले.

“वहिनी, हे शून्य-एक काय? सकाळी खाडा आन् संध्याकाळी एकच लिटर? त्या दिवशी बारशाला सहा दिलंय की मी!”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “मामा, ते शून्य आपलं. एक शेजाऱ्यांचं.”

मामांनी जरा विचार केला, वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

“मग ते एक शेजाऱ्यांच्या नावावर टाकू व्हय?”