गोंडी बोलणारे शिक्षक घडवायचेच नसतील, तर मातृभाषेची प्रशिक्षणे कशाला घेता?

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याच्या आगेमागे आम्हा शिक्षकांना तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला बोलावले जाते. यंदा विषय होता आदिवासी मुलांना त्यांच्या मातृभाषेतून शिकवण्याचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गोंडी बोलणाऱ्या गावात मी पहिली-दुसरीचे वर्ग घेतो, त्यामुळे या विषयाची निकड मला कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. पण ज्या सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांनी, दिवसभर पडद्यावर चित्रे दाखवत मातृभाषेचे महत्त्व सांगितले, त्यांपैकी एकालाही गोंडीत एक वाक्य धड बोलता येत नव्हते, आणि समोर बसलेल्या ज्या मोजक्या शिक्षकांची ती घरची भाषा आहे, त्यांना तोंड उघडण्याची संधीही कोणी दिली नाही. संध्याकाळी शब्दसूचीच्या झेरॉक्स वाटल्या, सगळ्यांकडून लिंक भरून घेतली, फोटो काढले आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्याचे जाहीर करून टाकले. हा प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्याचा मला मनस्वी संताप येतो.

पहिलीत येणारे मूल सहा वर्षे घरात, शेतावर, मोहफुले वेचताना गोंडीच बोललेले असते. अंगणवाडीतही त्याची भाषा सुटत नाही, कारण अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी असावी असा नियम आहे आणि म्हणून ती त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलते. पुढे ते मूल अंगणवाडीतून शाळेत येते आणि त्या दिवसापासून वर्गात त्याच्या भाषेतले कोणी मोठे माणूस उरत नाही. गावातले माणूस नेमण्याचे महत्त्व एका खात्याला कळते, मग तेच शिक्षण खात्याला का कळू नये? मी मराठीत गोष्ट सांगतो, मुले माझ्या तोंडाकडे पाहत बसतात, आणि चौथीतल्या एखाद्या मुलीला हाक मारून माझे बोलणे त्यांना समजावून सांगायला लावावे लागते, म्हणजे त्या मुलीचा स्वतःचा तासही बुडतो. त्यानंतर निपुण भारत अभियानाची, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताची, पडताळणी येते, मराठी शब्द मिनिटाला किती वाचले ते मोजले जाते, आणि जे मूल आपल्या भाषेत अर्धा तास न थांबता बोलू शकते, त्याच्या नावापुढे अप्रगत असा शेरा पडतो.

कायद्यात काही कमी आहे असेही नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे सांगणारा अनुच्छेद 350क राज्यघटनेत 1956 मध्येच आला. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 29 मध्येही शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे असे लिहिले आहे, आणि ‘शक्यतोवर’ या पळवाटेचा आपण पुरेपूर वापर केला. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. पण शिकवणार कोण, हे विचारले की सगळे गप्प होतात.

शिकवणारे आमच्या गावातच आहेत. इथली एक मुलगी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, झालेली आहे. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात राहून, गोंडीतून वाचन-लेखन कसे शिकवावे याचा एकही तास तिला मिळाला नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, 150 गुणांपैकी 60 गुण दोन भाषांचे असतात आणि त्या दोन्ही भाषा तिच्या घरच्या नाहीत. ही परीक्षा उर्दूतून देता येते, गुजरातीतून देता येते, बंगालीतूनही देता येते, आणि ती सोय योग्यच आहे, कारण आमच्या जिल्ह्यात बंगाली कुटुंबेही राहतात. मग 2011 च्या जनगणनेनुसार देशात जवळपास 30 लाख लोकांची मातृभाषा असलेल्या गोंडीलाच त्या यादीत जागा का नाही? राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही म्हणून, असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. संथाली आणि बोडो 2003 मध्ये त्या अनुसूचीत गेल्या, आणि गोंडी बोलणारे अजून वाटच पाहत आहेत.

पेसा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित, क्षेत्रातल्या भरतीची तऱ्हा तर आणखी चीड आणणारी आहे. तिथल्या 17 संवर्गांची पदे, ज्यांत शिक्षकही येतात, स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायची होती; ती भरती न्यायालयीन वादात अडकली, तरुणांना उपोषणाला बसावे लागले आणि अखेर 2024 मध्ये मानधनावरच्या तात्पुरत्या नेमणुकांवर त्यांची बोळवण झाली. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांच्या जागांचे शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या प्रकरणात 2020 मध्ये रद्द केले, हे मला ठाऊक आहे. तो निकाल आरक्षणाविषयी होता. ज्या वर्गातली मुले गोंडी बोलतात, तिथल्या शिक्षकाला गोंडी आली पाहिजे, ही त्या कामाची पात्रता आहे आणि माझ्या मते ती जाहिरातीत लिहिण्यापासून शासनाला कोणी अडवलेले नाही.

त्यात पुन्हा सगळ्या आदिवासी भाषा एकाच पोत्यात भरायच्या. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, तर यवतमाळच्या पोडांवरची, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरची, कोलामी आणि आमची गोंडी या द्राविडी कुळातल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या भामरागडच्या माडियाचे बोलणे कोरचीच्या गोंडाला सहज समजेलच असे नाही. तरीही तीच पीपीटी मेळघाटात चालते आणि तीच एटापल्लीतही.

माझ्यासारख्या मराठी शिक्षकाने भाषा शिकून घ्यावी, हाही मार्ग आहे आणि मी तो धरला आहे. पण अवघड, म्हणजे दुर्गम, क्षेत्रात तीन वर्षे झाली की शिक्षकाला बदली मागण्याचा हक्क मिळतो, आणि मुलांची भाषा थोडीफार जिभेवर रुळते तोच तो जातो. कोणी गेला म्हणून मी त्याला दोष देणार नाही, कारण त्याचीही म्हातारी आईवडील माणसे गावाकडे असतात. मात्र बदलीच्या धोरणात ती भाषा येण्याला काडीचेही महत्त्व नाही. त्याच्या जागी नवा माणूस येतो आणि मुले पुन्हा गप्प बसतात.

हे सगळे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. ओडिशाने 2006 च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि त्यासाठी त्या त्या समाजातले शिक्षक घेतले. आपल्याकडे धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी 2019 मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली, तर शासनाने तिला शिक्षक आणि मान्यता देण्याऐवजी अनधिकृत ठरवले. डी.एल.एड. ला गोंडी, माडिया, कोरकू, कोलामीच्या अध्यापनाचा स्वतंत्र विषय ठेवा, टीईटीला त्या भाषांचा पर्याय द्या, गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना पूर्ण पगारावर नेमा आणि पुढच्या जूनमध्ये प्रशिक्षण घ्यायला त्यांनाच उभे करा. मी समोर वही घेऊन बसायला तयार आहे.