‘दिवसाला सात रुपयांत फोन सुरक्षित’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

दसरा-दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरतो, आणि नागपुरात सीताबर्डीतल्या मोदी गल्ल्यांपासून सदरपर्यंत मोबाईलच्या दुकानांच्या काउंटरवरही तो थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतो. त्याचा आशय असा : मोबाईलचा विमा दिवसाला फक्त सात रुपयांत, म्हणजे चहापेक्षाही स्वस्त मिळतो, फोन फुटो, भिजो की चोरीला जावो, सगळे त्यात येते, नुकसान झाले तर पूर्ण किंमत परत मिळते, योजना कोणतीही घ्या, सगळ्या सारख्याच असतात, आणि ज्या फोनमध्ये आपली बँक, आपले फोटो, आपले सगळे आयुष्य आहे, त्याचा विमा न काढणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

या संदेशातले एकही विधान तपासणीत जसेच्या तसे टिकत नाही. मोबाईलचा विमा ही फसवणूक आहे असे माझे म्हणणे नाही, आणि काही लोकांनी तो घ्यावा असे मला खरोखर वाटते. मात्र जे नुकसान आपल्याला एकरकमी सोसता येणार नाही, त्यासाठी विमा असतो. दवाखान्याचे दोन-चार लाखांचे बिल किंवा घरातील कमावत्या माणसाचा मृत्यू या निकषात निःसंशय बसतो. वीस हजारांचा फोन बसतो की नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या मिळकतीकडे पाहून ठरवायचे असते, आणि संदेश नेमका हाच विचार करू देत नाही.

पहिले विधान सात रुपयांचे आहे. दिवसाला सात रुपये म्हणजे वर्षाला 2,555 रुपये, आणि ही रक्कम बहुधा रोज सातसात रुपयांनी नव्हे, तर फोनच्या बिलासोबत एकरकमी द्यावी लागते किंवा हप्त्यांमध्ये मिसळली जाते. त्यातले सुमारे 390 रुपये 18 टक्के जीएसटीचे असतात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाले, पण फोनच्या विम्यावरचा कर कायम आहे. आता उदाहरणादाखल 20,000 रुपयांचा फोन घ्या. त्याचा डिस्प्ले फुटला, अधिकृत सर्व्हिस सेंटरने 5,000 रुपये सांगितले आणि योजनेनुसार प्रत्येक दाव्यात पहिले 1,000 रुपये ग्राहकाने भरायचे असतील, तर विम्यामुळे प्रत्यक्षात वाचतात 4,000 रुपये. त्यासाठी दर वर्षी 2,555 रुपये मोजायचे असतील, तर तीन वर्षांत किमान दोनदा डिस्प्ले फुटला तरच हा व्यवहार बरोबरीत सुटतो. काही लोकांच्या हातून फोन इतक्या वेळा पडतो आणि फुटतो, हे खरे आहे. ज्यांनी मागच्या दोन-तीन फोनमध्ये एकदाही डिस्प्ले बदलला नाही, त्यांनी मात्र हे गणित नीट पाहावे.

महाग फोनच्या बाबतीत हेच गणित थोडे वेगळे पडते, आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समजा, फोन 80,000 रुपयांचा आहे, योजना वर्षाला 7,000 रुपयांची आहे, डिस्प्लेचा खर्च 25,000 रुपये आहे आणि त्यातले 2,500 रुपये ग्राहकाने भरायचे आहेत. येथे तीन वर्षांतून एकदा डिस्प्ले फुटला तरी पैसे वसूल होतात. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या मॉडेलचा डिस्प्लेचा दर अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी विचारावा आणि हाच हिशेब स्वतः करावा. फोनची किंमत नव्हे, तर डिस्प्लेची किंमत आणि योजनेची किंमत यांचे प्रमाण निर्णायक असते, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

दुसरे विधान, ‘फुटो, भिजो की चोरीला जावो, सगळे त्यात येते’, हे सर्वांत जास्त लोकांना अडचणीत आणते. फुटण्याबद्दल फार वाद नसतो, कारण बहुतेक योजनांचा मुख्य भाग तोच असतो. भिजण्याबद्दल मात्र अटी वाचाव्या लागतात. 22 आणि 23 सप्टेंबर 2023 च्या मधल्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि अंबाझरी ले-आउटसारख्या भागांत तळमजल्यावरची घरे पाण्याखाली गेली. अशा पाण्यात बुडालेला फोन काही योजनांत ‘द्रवामुळे झालेले अपघाती नुकसान’ म्हणून बसतो, तर फक्त स्क्रीनच्या योजनेत तो बसतच नाही. फोनच्या खोक्यावर आयपी 68 हा पाणी-धूळरोधकतेचा दर्जा लिहिलेला असला, तरी कंपनीची नेहमीची एक वर्षाची वॉरंटी पाण्याने झालेले नुकसान सहसा भरून देत नाही. तो आकडा प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्याच्या चाचणीचा असतो, नाल्याच्या पुराचा नसतो.

नागपूरकरांनी उन्हाळ्याचाही विचार करावा. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तर ॲपल कंपनी आपले फोन 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरण्याची शिफारस करते. दुपारभर गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या फोनची बॅटरी हळूहळू निकामी झाली, तर विमा त्याला अपघात मानत नाही. ती वापरातली झीज ठरते आणि झीज जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेली असते.

चोरीचा भाग अधिक सविस्तर पाहायला हवा. बर्डीच्या गर्दीत किंवा इतवारीत खरेदी करताना खिशातून फोन नाहीसा झाला, तर सामान्य माणूस त्याला चोरी म्हणतो. अनेक पॉलिसी मात्र फक्त घरफोडी, दरोडा किंवा बळजबरीने हिसकावून नेणे एवढेच मान्य करतात, आणि ‘कसा गेला ते कळले नाही’ किंवा ‘टेबलावर ठेवून उठलो होतो’ अशा घटना स्पष्ट शब्दांत वगळतात. शिवाय अनेक योजनांमध्ये चोरीचा समावेशच नसतो. त्या केवळ तुटफुटीच्या योजना असतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 मध्ये आहे आणि एखाद्याच्या ताब्यातील वस्तू अचानक, झटक्याने किंवा जबरदस्तीने हिसकावणे हा कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. दुचाकीवरून येऊन कुणी हातातला फोन ओढून नेला असेल, तर तक्रारीत तसेच लिहिलेले असणे दाव्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते.

प्रत्यक्षात होते असे की, माणूस घाईत पोलीस ठाण्यात किंवा ऑनलाइन ‘मोबाईल हरवला’ अशी नोंद करतो, कारण ती लगेच होते आणि सिमकार्ड परत मिळवायला ती पुरते. मग विमा कंपनी एफआयआर मागते आणि दावा तिथेच अडतो. घडले तेच सांगावे, पण ते पूर्ण सांगावे. चोरी झाली असेल तर ‘हरवला’ या शब्दावर समाधान मानू नये. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी नव्या कायद्यानुसार अदखलपात्र आहे, त्यामुळे जुन्या, स्वस्त फोनसाठी एफआयआर मिळणेच कठीण होते, आणि म्हणून अशा फोनवर चोरीचा विमा घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. कंपनीला कळवण्याची मुदतही अनेकदा 24 किंवा 48 तासांचीच असते. पोलिसांत तक्रार तातडीने दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी 2020 मध्ये वाहनचोरीच्या एका प्रकरणात म्हटले आहे. भांडायची वेळ आली तर हा निकाल उपयोगी पडू शकतो, तरी मुदत पाळणे केव्हाही सोपे.

‘पूर्ण किंमत परत’ हे तिसरे विधान थोडक्यात निकाली काढता येते. विमा नुकसान भरून देतो, आणि नुकसान म्हणजे त्या दिवशीच्या फोनचे मूल्य. बहुतेक योजनांमध्ये महिन्यांनुसार घसाऱ्याचा, म्हणजे वापराने कमी होणाऱ्या किमतीचा, तक्ता असतो. अकराव्या महिन्यात 40 टक्के घसारा धरला, तर 20,000 च्या फोनचे 12,000 होतात आणि ग्राहकाचा 1,000 रुपयांचा वाटा वजा जाता हातात 11,000 येतात. काही ठिकाणी तर पैशांऐवजी दुरुस्त केलेला जुना फोन दिला जातो. दाव्याचे पैसे मिळाल्यावर चोरीचा फोन पोलिसांना सापडला, तर त्यावर हक्क विमा कंपनीचा असतो, हेही घेणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते.

‘योजना कोणतीही घ्या, सगळ्या सारख्याच’ हे चौथे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण काउंटरवर ‘इन्शुरन्स’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. वाढीव वॉरंटी फक्त फोनच्या अंतर्गत बिघाडासाठी असते. फोन पडून फुटला तर तिचा काही उपयोग नसतो. संरक्षण योजना ही फोन कंपनीची किंवा एखाद्या सेवा कंपनीची दुरुस्तीची हमी असते. तिच्यामागे कधी विमा कंपनीची सामूहिक पॉलिसी असते, कधी काहीच नसते. आणि खरा विमा तो, ज्याच्या कागदावर आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेकडे नोंदणी असलेल्या विमा कंपनीचे नाव, पॉलिसी किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक आणि अटी छापलेल्या असतात.

हा फरक तांत्रिक नाही, कारण दाद कुठे मागायची हे त्यावरच ठरते. विमा असेल तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. केवळ सेवा कंपनीची योजना असेल तर लोकपालाचा दरवाजा बंद असतो. तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आणि जिल्हा ग्राहक आयोग उरतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे कंपनीचे कार्यालय गुरुग्राम किंवा बंगळुरूत असले, तरी नागपूरच्या माणसाला नागपुरातच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगाचे शुल्क नाही. हा मार्ग मोकळा आहे, पण तीन-चार हजारांच्या दाव्यासाठी तारखांना हजर राहणे किती जणांना परवडेल, याचाही हिशेब योजना घेतानाच करावा लागतो.

आता बेजबाबदारपणाचा आरोप. ग्राहकाला अपराधी वाटायला लावून काहीतरी विकणे ही इतकी परिचित युक्ती आहे की, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या युक्त्यांविरुद्ध काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ती समाविष्ट केली, आणि तिथे दिलेले एक उदाहरण विम्याचेच आहे : विमानाच्या तिकिटासोबत विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असे वाक्य निवडायला लावणे. ग्राहकाला न विचारता खरेदीत एखादी वस्तू किंवा सेवा घुसवणे हाही त्याच यादीतला गैरप्रकार आहे. दुकानात हप्त्यावर फोन घेताना हप्त्याच्या रकमेत विमा मिळवलेला आहे का, हे बिलावर सही करण्यापूर्वी विचारावेच.

आणि फोनमध्ये आपली बँक व आपले फोटो आहेत, हे तर अगदी खरे आहे. पण फोनचा सामान्य विमा त्यांपैकी कशाचेही रक्षण करत नाही, तो फक्त यंत्राचे पैसे देतो. फोन गेल्यावर खात्यातले पैसे वाचवायचे असतील, तर सिम ताबडतोब बंद करणे, बँकेला सांगून यूपीआय थांबवणे आणि पैसे गेले असल्यास 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवणे, हे सगळे पहिल्या काही तासांत व्हायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसताना अनधिकृत व्यवहार झाला आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तो कळवला, तर त्याच्यावर भार पडत नाही. मे 2023 पासून देशभर सुरू असलेल्या संचार साथी पोर्टलवर पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देऊन चोरीचा फोन सर्व नेटवर्कवर बंद करता येतो, आणि नागपूर पोलिसांसह ठिकठिकाणचे पोलीस याच व्यवस्थेच्या आधारे शोधलेले फोन मालकांना परत करत असतात. आयएमईआय क्रमांक *#06# डायल करून आजच लिहून ठेवता येतो. यातल्या कोणत्याही गोष्टीला प्रीमियम लागत नाही.

मग विमा कुणी घ्यावा? ज्याची रोजची कमाई फोनवर चालते, जसे घरपोच सामान पोहोचवणारा मुलगा किंवा ॲपवर रिक्षा चालवणारा माणूस, आणि फोन बंद पडला तर दुसरा घ्यायला ज्याच्याजवळ पैसे नसतात, त्याच्यासाठी अपघाती तुटफुटीची योजना योग्य ठरू शकते. महागडा फोन वापरणाऱ्याने आणि ज्याच्या हातून फोन वारंवार फुटतो त्याने फोन कंपनीची स्वतःची स्क्रीन योजना आधी पाहावी. तिच्यात सुटे भाग आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होत असल्याने वादाला जागा कमी राहते. पंधरा-वीस हजारांचा फोन घेणाऱ्या पगारदार कुटुंबाने तेच अडीच हजार रुपये बँकेत बाजूला ठेवले, चांगले कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लावली, तर बहुतेक वेळा ते पैसे पुढच्या फोनच्या कामी येतील.

योजना घ्यायचीच असेल तर पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात : विमा कंपनीचे नाव, वगळलेल्या घटनांची यादी, घसाऱ्याचा तक्ता आणि प्रत्येक दाव्यात आपण भरायची रक्कम. हे कागद ‘नंतर मेलवर येतील’ असे उत्तर मिळाले, तर त्या दिवशी फक्त फोन घेऊन घरी यावे.