तात्या, काळा मारवाडी आणि पाच हजार रुपये: एका रिव्ह्यूला तबेल्याचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचकांसाठी तक्रार थोडक्यात सांगते. घोडा निवडून देण्याची आमची फी पाच हजार. ती घेऊन आम्ही तुम्हाला सारंगखेड्याला नेलं, तुम्हाला आवडलेला काळा मारवाडी घोडा घेऊ दिला नाही, चारचौघांत ‘रक्त तपासू द्या’ म्हणून विक्रेत्याला दुखावलं आणि परत आल्यावर तात्या नावाचा घोडा दाखवून ‘सतरा वर्षांचं म्हातारं जनावर गळ्यात मारायला बघितलं’. वर तुमचं वय काढलं. फी परत हवी.

फीचं शेवटी बोलू. आधी त्या काळ्याचं.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, तापीच्या काठी भरते. घोडे बघायचे तर महाराष्ट्रात तिथेच जावं, मीही दरवर्षी जाते. पण तिथला भाव रूपावर ठरतो. कानांची टोकं भिडतात का, गळ्यावर देवमण हा शुभ मानलेला केसांचा भोवरा आहे का, चार पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी आहे का, अशुभ भोवरा कुठे नाही ना. मागून ट्रॅक्टर आला तर हा घोडा काय करेल, हे मात्र कुठल्याही भोवऱ्यावरून कळत नाही. आणि तुमच्या प्लॉटकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच ट्रॅक्टर असतात, हे तुम्हीच सांगितलं होतं.

तुम्ही त्या काळ्याच्या मानेकडे बघत होतात. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. खालचा ओठ लोंबलेला, पापण्या जड, चार हातांवर हलगी वाजतेय आणि कान तिकडे वळत नाहीत. कोवळा, खच्ची न केलेला घोडा, पलीकडे दोन घोड्या बांधलेल्या, आणि हा ढिम्म. असा घोडा एक तर पहाटेपासून पळवून दमवलेला असतो, नाहीतर त्याला गुंगीचं औषध दिलेलं असतं. नुसतं बघून यातलं कुठलं ते मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. म्हणून त्याच वेळी रक्ताचा नमुना घेऊ द्या म्हटलं. नमुना द्यायला हरकत नसलेले विक्रेतेही त्याच यात्रेत भेटतात. यांनी नकार दिला. मग मी जबडा उघडून बघितला. घोडा सहा वर्षांचा म्हणून सांगितला होता, पण कोपऱ्यातले दुधाचे दात अजून जागेवर होते. ते साधारण साडेचार वर्षांच्या सुमाराला पडतात. वयच खोटं सांगणाऱ्याच्या ‘एकदम गरीब आहे हो’वर किती विसंबायचं?

आणि तो व्हिडिओ. मोबाइलवर तोच घोडा ढोलाच्या ठेक्यावर मागच्या दोन पायांवर उभा राहत होता, तुम्हाला ते फार आवडलं. हे नाचकाम लग्नाच्या वरातीसाठी शिकवतात. वरातीत लगाम धरायला खाली जाणता माणूस असतो. तुमच्या सोसायटीत गणपती येतात काका, ढोलपथकासकट. तेव्हा वर तुम्ही एकटे असणार.

आता वय. हो, काढलं. साठीनंतर पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्यासाठी घोडा शोधायचा आणि वय काढायचं नाही, हे मला जमणार नाही. पंचविशीतला पोरगा पडला तर माती झटकून उठतो. साठीनंतर खुबा मोडला तर महिने जातात. शिवाय कंबर आणि मांड्या आखडलेल्या असतात. फार रुंद पाठीचा घोडा दिला तर पाय इतके फाकतात की अर्ध्या तासात सवारी नकोशी होते. म्हणूनच आम्ही तुम्हाला जमिनीवरून न चढवता ओट्यावरून चढवलं. खालून रिकिबीला लटकून चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याच्या पाठीला त्रास होतो. आमच्याकडे विशीतली मुलंही ओट्यावरूनच चढतात, त्यात तुमचा अपमान नव्हता.

वजनाचा आकडा इथे लिहीत नाही, हिशेब तेवढा लिहिते, कारण तो इतरांनाही उपयोगी पडेल. माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठीक. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सगळं मिळून सत्तर किलो, साडेचारशेच्या घोड्यावर नव्वद. त्यात खोगिराचेच आठ-दहा किलो जातात. या हिशेबात तो सडपातळ काळा मुळातच बसत नव्हता. आपल्याकडचं भीमथडी जातीचं जनावर स्वभावाला सोनं आहे. मेंढपाळांचा सगळा संसार पाठीवर घेऊन ते हायवेच्या कडेने ट्रकना न जुमानता चालतं. पण ते बुटकं आणि हलकं. काकूंना शिकायचं असेल तर जरूर बघू.

‘रेसकोर्सवरून सुटलेले स्वस्तात मिळतात, तेही दाखवले नाहीत’ असंही तुम्ही लिहिलंय. मुद्दाम नाही दाखवले. शर्यतीत जॉकी लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर टेकून पळतो, तीच त्याची सवय. नवखा माणूस घाबरला की काय करतो? लगाम खेचतो. अशा घोड्याला त्यातून ‘थांब’ कळेलच असं नाही, तो उलट जोरही धरेल. पुन्हा शिकवून त्यातले कित्येक उत्तम सवारीचे होतात, आमच्याकडेही आहेत, पण ते शिकवणं तुम्ही पाठीवर असताना व्हायला नको.

माथेरानला तुम्ही अनेकदा बसला आहात आणि काही झालं नाही, हे खरं आहे. तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे, घोडेवाला शेजारून चालत असतो आणि घोड्याला रोजची वाट पाठ असते. तिथे घोडा घोडेवाल्याचं ऐकतो. वर बसलेल्याने एक शब्द बोलायची गरज नसते.

तर तात्या. कुमैत, म्हणजे अंग तपकिरी आणि आयाळ-शेपूट काळी, खच्ची, सतरा वर्षांचा. नीट सांभाळलेला घोडा पंचवीसपर्यंत सहज जातो आणि विशीतही हलकी सवारी देतो. तुमच्या दुसऱ्या चाचणीत दुडकीला तुमचा उजवा पाय रिकिबीतून सुटला, तुम्ही पुढे झुकलात आणि आयाळ धरलीत. तात्या दोन पावलांत थांबला. एक कान मागे वळवून तुम्ही सावरेपर्यंत उभा राहिला. त्याच क्षणी घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दाराने कुंपणापलीकडे ताडपत्री झटकली होती, आणि ती मी सांगून झटकायला लावली होती. रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय, ‘ढकलल्याशिवाय चालत नाही’. पाय लावला की तो चालतो, काका. पाय लावायचा विसरलात की थांबतो. नवख्या माणसासाठी मी असाच घोडा शोधते.

त्याचा दोषही सांगितला होता. पुढच्या उजव्या गुडघ्यात थोडा संधिवात आहे, थंडीत सकाळी आधी दहा मिनिटं नुसतं चालवावं लागतं, आणि उड्या मारायच्या नाहीत. हे आम्ही कागदावर लिहून दिलं, आमच्या डॉक्टरवर न विसंबता तुमचा डॉक्टर आणा म्हटलं, आणि घ्यायच्या आधी तीन आठवडे तुमच्या जागेत ठेवून बघायची मुभा मालकांकडून मिळवली. गळ्यात मारणारे लोक एवढा उपद्व्याप करत नाहीत. तात्या आमचा नाही, एका कुटुंबाचा आहे. त्यांची मुलगी शिकायला परगावी गेली म्हणून ते विकतायत. त्या विक्रीतून आम्हाला एक रुपयाही मिळत नाही.

आता फी. घोडा विकणाऱ्याकडून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून घेणाऱ्याकडून फी घेतो. काळा घ्या म्हटलं असतं तरी ती तेवढीच होती, नको म्हटलं तरी तेवढीच. जाणं-येणं, तपासणी, दोन चाचण्या हे सगळं काम झालेलं आहे, त्यामुळे ती परत मिळणार नाही. पावतीवरही तसं छापलेलं आहे.

तात्याला बघायला अजून एकजण येणार आहेत, पण मालकांनी महिनाअखेरपर्यंत तो तुमच्यासाठी राखून ठेवलाय. पुन्हा बसून बघायचं असेल तर सकाळी सातला या, ऊन व्हायच्या आत. मागच्या वेळचे स्पोर्ट्स शूज नकोत, टाच असलेले बूट घाला, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. हेल्मेट आम्ही देऊ.