दोन शब्द

आमच्या शाळेचे शिपाईमामा ऑगस्टअखेरीस निवृत्त होणार, हे सर्वांना वर्षभर आधीपासून ठाऊक होते. परंतु त्या समारंभात मला बोलावे लागणार आहे, हे मला केवळ आठ दिवस आधी कळले. मुख्याध्यापिका बाईंनी फायलीवर सही करता करता, मान वर न उचलताच सांगितले, ‘‘भाऊसाहेब, तुम्हीही दोन शब्द बोला हं. मामांचा सगळ्यांत जास्त सहवास तुम्हालाच आहे.’’ मी शाळेचा लिपिक आहे. गेली बावीस वर्षे मी लिहितो आणि बाकीचे बोलतात, अशी आमच्याकडची श्रमविभागणी असून तिच्याबद्दल कोणाचीही, विशेषतः माझी, काही तक्रार नव्हती.

‘दोन शब्द’ हे मराठीतले सर्वांत फसवे माप आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी ऐकलेले सर्वांत लहान ‘दोन शब्द’ अकरा मिनिटे चालले आणि सर्वांत मोठे पंचावन्न मिनिटे. आणि हे पंचावन्न मिनिटांचे वक्ते ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ या वाक्याने सुरुवात करून तेच वाक्य मध्ये तीनदा म्हणाले होते.

त्यातून मी सांगलीचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली आणि गावाला नाट्यपंढरी हे नाव मिळाले. त्यामुळे आपण जन्मतःच रंगभूमीवर उभे आहोत, अशी इथल्या निम्म्या लोकांची प्रामाणिक समजूत असते. अशा गावात राहून ध्वनिवर्धक पाहताच पोटात गोळा येणे ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. माझा व्यासपीठाचा यापूर्वीचा अनुभव इयत्ता चौथीतला आहे. स्वातंत्र्यदिनी मी ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ एवढे एका दमात म्हटले आणि पुढचे सारे भाषण, कृष्णेत खडीसाखर टाकावी तसे, विरघळून गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपले असे त्यांना वाटले.

आता पन्नाशी जवळ आली असताना तो प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून मी रीतसर अभ्यास करायचे ठरवले. वाचनालयातून वक्तृत्वावरची जुनी पुस्तके आणली आणि पहिल्याच रात्री मला मोठा दिलासा मिळाला. महात्मा गांधी तरुणपणी मुंबईच्या न्यायालयात पहिला खटला चालवायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या तोंडून उलटतपासणीचा एक प्रश्न फुटेना आणि त्यांनी घेतलेली तीस रुपयांची फी परत केली. चर्चिल १९०४ साली पार्लमेंटमध्ये पाठ केलेले भाषण मध्येच विसरून खाली बसले आणि त्यानंतर टिपणे हाती घेतल्याशिवाय उभे राहिनासे झाले. मी दोन्ही गोष्टी पत्नीला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, ‘‘अहो, पण ते पुढे सुधारले.’’

भीतीचे कारणही पुस्तकात दिले होते. शंभर डोळे आपल्यावर रोखलेले दिसले की शरीराला ते संकटच वाटते आणि ते पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते. अॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, हात कापतात, तोंड कोरडे पडते. समोर वाघ असता तर ही तयारी बहुमोल ठरली असती. माझ्यासमोर पाचवी ब असणार होती. त्यावर उपाय सांगितला होता तो असा की, बोलण्यापूर्वी श्वास पोटातून घ्यावा, सावकाश सोडावा आणि पहिले वाक्य तेवढे पक्के पाठ करावे. श्वास मी आठही दिवस घेत होतो, परंतु पहिले वाक्य काही केल्या ठरेना.

प्राचीन रोमन वक्त्यांनी भाषणाच्या तयारीचे पाच टप्पे सांगितले आहेत: काय बोलायचे ते शोधणे, त्याचा क्रम लावणे, शब्द निवडणे, स्मरणात ठेवणे आणि सादर करणे. यांपैकी पहिल्याच टप्प्यावर मी पाच दिवस मुक्काम केला, कारण मला सापडतच गेले. अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की, वक्ता तीन मार्गांनी पटवून देतो: स्वतःच्या चारित्र्याने, श्रोत्यांच्या भावना जागवून आणि युक्तिवादाने. तेव्हा अॅरिस्टॉटल आला. त्याच्यामागून डेमॉस्थेनिस आला. बोलण्यातला दोष घालवण्यासाठी तोंडात गोटे धरून तो बोलण्याचा सराव करत असे, अशी आख्यायिका आहे. लिंकन तर यायलाच हवे होते. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गला एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर लिंकन उठून जेमतेम दोनपावणेतीनशे शब्द बोलून खाली बसले. जगाने लक्षात ठेवले ते लिंकनचेच. संक्षेपाचे माहात्म्य सांगणारा हा मजकूर मी साडेतीन पाने लिहिला.

सरावासाठी मी संध्याकाळी सायकलवरून हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ, मोकळी हवा; आवाज लावायला याहून चांगली जागा कुठली? आमच्याकडच्या काठावर गाळ फार, त्यामुळे डेमॉस्थेनिसला मिळाले तसले स्वच्छ गोटे काही मला मिळाले नाहीत आणि मी खिशातल्या सुपारीवर भागवले. श्रोत्यांमध्ये दोन म्हशी आणि गळ टाकून बसलेले एक गृहस्थ होते. ‘ज्यांनी आपल्या आयुष्याची चौतीस वर्षे’ असे मी उंच स्वरात सुरू केले, तशा म्हशींनी माना वळवल्या. परंतु गृहस्थ हात जोडून म्हणाले, ‘‘पाव्हणं, जरा दमानं घ्या की. मासं बुजत्यात.’’ आवाज किती चढवावा, याविषयी मला मिळालेला हा पहिलाच व्यवहार्य सल्ला होता.

सहाव्या रात्री मी संपूर्ण भाषण पत्नीसमोर म्हणून दाखवले. ती गवार निवडत होती आणि तिच्याजवळ मी घड्याळ ठेवले होते. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द हा माझा वेग. मला वेळ मिळाला होता दहा मिनिटांचा आणि कागदावर शब्द झाले होते तीन हजार चारशे. हे साधे गणित, रोज पगारबिले करणाऱ्या माणसाने, आधी का केले नाही ते मला सांगता येणार नाही. भाषण संपले तेव्हा गवार शिजून झाली होती.

‘‘एकतीस मिनिटं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मामा कधी येतात यात?’’

‘‘सतराव्या मिनिटाला.’’

‘‘मग सतराव्या मिनिटापासूनच सुरू करा की. आणि रोज जेवताना मामांच्या एवढ्या गोष्टी सांगता, त्यातली एकही नाही हो यात.’’

हा अपमान मी रात्रभर उशाशी घेऊन झोपलो आणि सकाळी कात्री लावायला बसलो. अॅरिस्टॉटल गेला. रोमन गेले. स्वतःच्या हाताने लिहिलेला परिच्छेद स्वतःच्या हाताने खोडणे हे फार निष्ठुर काम आहे. जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड न करण्याची बावीस वर्षांची सवय आड येत होती. शेवटी जुन्या हजेरीपत्रकांच्या पुठ्ठ्यांची सात कार्डे कापली आणि प्रत्येकावर तीनचारच शब्द लिहिले, कारण कार्डावर पूर्ण वाक्य असले की वक्ता ते वाचत बसतो आणि श्रोत्यांना त्याचा भांगच काय तो दिसतो. सहा कार्डांवर मामांचे गुण होते. सातव्या कार्डावर, केवळ हौसेखातर, मी डेमॉस्थेनिसला ठेवून घेतले.

समारंभ दुपारी तीनला होता, म्हणजे पावणेचारला सुरू झाला. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंख्याने समई तीनदा विझवली, मग पंखा बंद केला आणि उकाडा लावला. मामा पहिल्या खुर्चीवर, नवा फेटा, गळ्यात हार, मांडीवर श्रीफळ, अशा अवघडलेल्या स्थितीत बसले होते आणि सवयीने त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती.

ध्वनिवर्धकाविषयी एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल. तोंड त्याच्यापासून वीतभर दूर धरावे, एवढेच पथ्य. परंतु आमच्या वक्त्यांपैकी अर्धे त्याचे चुंबन घेतात आणि अर्धे त्याला सोयरसुतक असल्यासारखे लांब उभे राहतात. क्रीडाशिक्षकांनी तो गोळाफेकीच्या गोळ्यासारखा मुठीत धरला. जाळी हाताने झाकली आणि त्यातच कर्णा पाठीशी असला, की कर्ण्यातला आवाज पुन्हा ध्वनिवर्धकात शिरतो, तिथून वाढून पुन्हा कर्ण्यात जातो आणि या फेऱ्यांतून ती जीवघेणी शिट्टी निघते. पाचवी ब ला संपूर्ण कार्यक्रमात एवढाच भाग मनापासून आवडला.

खरे संकट मात्र वेगळेच होते. पहिले वक्ते म्हणाले की, मामा हे शाळेचा कणा आहेत. माझे पहिले कार्ड गेले. दुसऱ्या बाई म्हणाल्या की, मामा हे पडद्यामागचे कलाकार आहेत. दुसरे गेले. ‘लोक घड्याळ पाहून मामांना ओळखत नाहीत, मामांना पाहून घड्याळ लावतात’ हे माझे, मी समजत होतो की केवळ माझे, वाक्य तर चौघांनी म्हटले आणि चौथ्यांदाही त्याला टाळी पडली. माझ्या आधी इतिहासाचे सर उठले. त्यांनी लिंकन घेतले. लिंकन किती थोडके बोलले हे त्यांनी बावीस मिनिटे समजावून सांगितले.

माझे नाव पुकारले तेव्हा पाचाला दहा मिनिटे कमी होती आणि माझ्या हातात वापरून झालेली सहा कार्डे होती. मी श्वास घेतला. पहिले वाक्य नव्हतेच, त्यामुळे पत्नी म्हणाली होती तसे जेवतानाचे बोलायला लागलो.

मी सांगितले की, ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी वर ५७ फुटांच्याही पुढे गेले, त्या पुराच्या आदल्या रात्री मी घरचे सामान माळ्यावर चढवत होतो. मामांचे घर माझ्यापेक्षा सखल भागात. तरी ते रात्री शाळेत आले, कार्यालयाचे कुलूप काढले आणि तळमजल्यावरची सगळी जनरल रजिस्टरे, धोतराच्या जुन्या पानांत गुंडाळून, एकट्याने दुसऱ्या मजल्यावर नेली. पाणी ओसरल्यावर कार्यालयात कमरेएवढा चिखल होता. मी रजिस्टरांसाठी डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा मामा म्हणाले, ‘‘वर हायत. फकस्त तुमचा डबा ऱ्हायला हो खाली.’’ शाळा सोडल्याचा दाखला मागायला आजही म्हातारी माणसे येतात. त्यांची जन्मतारीख मी त्या रजिस्टरांतून काढून देतो.

सभागृह गप्प होते. मागच्या रांगेतला पोरगाही चुळबूळ करेना. मग टाळ्या पडल्या, आणि त्या माझ्यासाठी होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा टाळी ऐकणाऱ्या माणसाची मनःस्थिती वाचकांनी समजून घ्यावी. तिथेच ‘धन्यवाद’ म्हणून उतरायला हवे होते, हे मला दिसत होते. परंतु हातात सातवे कार्ड होते आणि ते कोणीही वापरलेले नव्हते.

‘‘इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात,’’ मी आवाज चढवून म्हणालो, ‘‘अथेन्स नगरीत डेमॉस्थेनिस नावाचा एक...’’

मामांनी भिंतीकडे पाहिले. मांडीवरचे श्रीफळ त्यांनी हळूच मुख्याध्यापिका बाईंच्या हाती दिले, खांद्यावरची शाल सावरली आणि मान खाली घालून, कोणाला अडथळा होणार नाही अशा बेताने, ते बाजूच्या दाराने बाहेर पडले. मी गोट्यांपर्यंत पोचलो होतो तेवढ्यात व्हरांड्यातून शाळा सुटल्याचा लांबलचक टोल सुरू झाला. पाचवी ब, आणि तिच्यामागून सहावी ते दहावी, दप्तरांसह दारातून वाहून गेली.

टोल थांबला. मामा आत आले, रिकाम्या सतरंज्यांवरून चालत पुन्हा आपल्या खुर्चीवर बसले, बाईंकडून श्रीफळ परत घेतले आणि माझ्याकडे पाहून अजिजीने म्हणाले, ‘‘पाच झालं, भाऊसाहेब. तुमचं चालू द्या.’’