धावपट्टी तयार, विमान तेवढं यायचंय

गेल्या मंगळवारी एका नव्याकोऱ्या प्रादेशिक विमानतळावर साडेपाच तास बसून आलो. विमान आलंच नाही. ‘ऑपरेशनल कारण’ एवढाच खुलासा. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. वेळ मात्र भरपूर मिळाला, त्यामुळे मागास भागाचा विकास हवाईमार्गे कसा साधावा याबद्दल काही सूचना सुचल्या. तुमच्या भागात विमानतळ आणायचं कुणाच्या मनात असेल तर जपून ठेवा.

आधी उद्घाटन उरकून घ्या. विमानाची वाट पाहत बसाल तर निवडणूक निघून जाईल. स्पेनमधल्या कास्तेयोनने याचा वस्तुपाठच घालून दिलाय. मार्च 2011 मध्ये तिथे थाटात उद्घाटन झालं आणि नियमित विमान उतरलं 2015 मध्ये. विमानं नाहीत म्हणून तर लोकांना धावपट्टीवर फिरता येतंय, असंही उद्घाटनाच्या वेळी सांगण्यात आलं. दाराशी चोवीस मीटर उंच पुतळा आहे. विमान नसलं तरी बघायला काहीतरी हवंच ना.

जमीन मागताना हात आखडता घेऊ नका. मॉन्ट्रियलजवळच्या मिराबेलसाठी सुमारे 97 हजार एकर ताब्यात घेतले, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेतं आणि राहती घरं धरून. 1975 मध्ये विमानतळ सुरू झाला, 2004 मध्ये शेवटचं प्रवासी विमान उडालं आणि पुढे टर्मिनलही पाडलं. शेतकऱ्यांची जमीन गेली, पण डोक्यावरचं आकाश मोकळं झालं की!

प्रवासी नाही आले तर धान्य ठेवा. श्रीलंकेतल्या मत्तल विमानतळावर ठेवलं होतं.

कोनशिला ग्रॅनाइटची, खुर्च्या प्लास्टिकच्या.

आणि विमान कंपनीचे लाड करा. मनापासून करा. तिकीट स्वस्त राहावं म्हणून तूट सरकारने भरावी, इतर कंपन्यांना त्या मार्गावर तीन वर्षं मज्जाव असावा, आणि ती तीन वर्षं संपायच्या आतच कंपनीने गाशा गुंडाळला तर वाईट वाटून घेऊ नये. भारताच्या ‘उडान’ योजनेवरचा कॅगचा 2023 चा अहवाल वाचा. 774 मार्ग दिले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले त्यातल्या फक्त 112 मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. त्यानंतरही चालू राहिले 54. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न! शाळेत एवढे गुण मिळाले असते तर घरात घेतलं नसतं. बरं, मार्ग बंद पडताना कारण काय सांगतात? ‘पुरेसे प्रवासी नाहीत.’ अहो, येणार कुठून? आठवड्यातून तीन दिवस विमान, त्यातलं एक रद्द, दुसऱ्याची वेळ आदल्या रात्री मेसेजवर बदललेली. अशा विमानाच्या भरवशावर कोण व्यापारी माल पाठवायचा सौदा करेल? कोण कारखाना काढेल? विमान येणार म्हणून कुणी कर्ज काढून लॉज बांधतो, कुणी टॅक्सी घेतो. विमान जातं, हप्ते राहतात. त्यांचा हिशोब कुठल्या अहवालात आहे?

माझ्या शेजारी एक आजी होत्या. मांडीवर एक्स-रेचा मोठा पिवळा लखोटा, त्यावर दोन्ही हात. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती, दोन महिन्यांनी. काउंटरवर एकच मुलगा. बॅगा तोच तोलणार, घोषणा तोच करणार, शिव्याही तोच खाणार. (त्याचा काही दोष नव्हता, पगार तरी वेळेवर होतो की नाही देव जाणे.) आजींनी विचारलं, “बाळा, मग उद्या येईल का रे?” त्याने समोरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो बंद होता.

आता सूचना वगैरे राहू दे. विमानाने प्रदेश बदलत नाही असं कोण म्हणतंय? केनियातल्या नैवाशा तलावाकाठची फुलं विमानाने युरोपच्या बाजारात जातात, त्यावर हजारो घरं चालतात. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपची विमानं थांबली, तेव्हा ती फुलं फेकून द्यावी लागली आणि मजूर घरी बसले. कारण ते विमान नेमाने येत होतं आणि लोक त्यावर विसंबून होते. तुम्ही आम्हाला दिलंत काय? इमारत! शीतगृह नाही, विमानतळापासून गावात यायला धड बस नाही, सकाळी जाऊन रात्री परतता येईल असं वेळापत्रक नाही. आणि आम्हीही कसले शहाणे! पहिलं विमान उतरलं तेव्हा कुंपणाला लटकून व्हिडिओ काढले, टाळ्या पिटल्या. दुसरं कधी येणार हे एकानेही विचारलं नाही, मीही नाही.

रात्री आठ वाजता आजी भाड्याच्या जीपमध्ये बसून गेल्या, मागच्या सीटवर पाय लांब करून. फलकावर आमचं विमान तेव्हाही ‘वेळेवर’ होतं.

पुढच्या वेळी फीत कापायला याल ना साहेब, तर मोटारींचा ताफा घेऊन येऊ नका. विमानाने या. आणि परतीचं तिकीटही इथूनच काढा.