कुडाळ स्टेशनानंतरची गोष्ट

माझा भाचा दादरला राहतो. वय पंचवीस-सव्वीस, नोकरी करतो आणि रात्री जागून चित्रपट लिहितो. गेल्या महिन्यात त्याने पहिली पूर्ण झालेली पटकथा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तेव्हापासून ग्रुपवर जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही. मी इथे पेन्झन्सला, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, रात्रपाळी संपवून घरी येते आणि चहा टाकायच्या आधी साठ-सत्तर मेसेज वाचते.

गोष्ट साधी आहे, दोन विरुद्ध टोकांची माणसं प्रेमात पडतात. लोअर परळच्या एका इव्हेंट कंपनीतली मुलगी बड्या लोकांचं लग्न समुद्रकिनारी लावून द्यायला तारकर्लीला येते. तिथे घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवणारा एक मालवणी मुलगा तिला भेटतो. तिला सगळं वेळेत हवं, याचं सगळं भरती-ओहोटीवर. ती डीजे आणते, हा जनरेटरची पिन काढतो. भांडतात, पाऊस येतो, होडीत बसतात, आणि मग व्हायचं ते होतं. शेवटी ती कुडाळ स्टेशनवर उभी असते, तुतारी एक्स्प्रेस येते आणि तिला न घेताच निघून जाते. ती मालवणला परत फिरते. समाप्त.

ग्रुपवर दोन तट पडले. थोरल्या काकांचं म्हणणं, "परत आमकाच येडे दाखवतले?" मुलगा तापट, त्याचा बाप दारू पिणारा, आई उठता-बसता "चेडवा, जेवन जा गो" म्हणणारी, कोकणी माणूस पडद्यावर आला की हसायलाच आला पाहिजे का, हा त्यांचा सवाल. दुसऱ्या बाजूला आत्या आणि ठाण्याची भावंडं. त्यांच्या मते ही एक हलकीफुलकी प्रेमकथा आहे, शूटिंग झालं तर गावातल्या पोरांना चार पैसे मिळतील, पर्यटक वाढतील, आणि "येवा, कोकण आपलाच आसा" असं आपणच तर म्हणतो.

दोघांचंही मला पटतं आणि तरी अडतं. काकांचा राग खरा आहे. मालवणी बोलीला नाटक-सिनेमात इतकी वर्षं हशा मिळत आलाय की त्या बोलीत कुणी रडतं, हिशेब करतं, कोर्टात भांडतं, हे लोकांना खरं वाटेनासं झालंय. पण भाच्याने आईच्या तोंडी घातलेली वाक्यं माझ्या आजीच्या तोंडची आहेत. ती त्याने प्रेमाने लिहिली आहेत आणि ती तशीच राहावीत. रापणीचा प्रसंग तर फार सुंदर जमलाय. पाण्यात अर्धगोल टाकलेलं जाळं, किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, आणि मुंबईची मुलगी चप्पल काढून दोरीला हात लावते. कुणीतरी न बोलता तिच्या पिशवीत चार बांगडे टाकतं, कारण रापणीच्या दोरीला हात लावला त्याचे चार मासे ठरलेले. हे वाचताना माझे डोळे भरले. एवढंच सांगितलं त्याला की पावसातलं होडीचं गाणं जुलैत ठेवू नकोस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत समुद्रात होडी घालणाऱ्याला आमच्या देवबागेत, तारकर्लीला लागून असलेल्या माझ्या गावात, कुणी शहाणा म्हणणार नाही.

माझी हरकत शेवटच्या पानाला आहे. शिवाय त्या दोघांना 'विरुद्ध' म्हटलंय, त्यालाही.

लोअर परळची मुलगी आणि मालवणचा मुलगा ही दोन टोकं कधीपासून झाली? ज्या इमारतीत तिचं काचेचं ऑफिस आहे तिथे गिरणी होती, आणि त्या गिरण्यांच्या खात्यांतून रत्नागिरी-सिंधुदुर्गाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली. पुरुष गिरणगावात, बायका गावाला शेती आणि म्हातारी माणसं सांभाळत. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त. पुरुष बाहेर गेले म्हणून आलेला हा आकडा आहे. त्याच जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. म्हणजे मुंबई आणि कोकण हे मधोमध भिंत घातलेलं एकच घर आहे. भाच्याच्या नायिकेचा आजोबा देवबागचा असू शकतो. तिचं नाव गावच्या सातबाऱ्यावर असू शकतं आणि तिला ते माहीतही नसेल.

आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. त्यातलं एक माझं.

इथलं सांगते. आमच्या घरापासून तीन मैलांवर मावझल नावाचं कोळ्यांचं जुनं गाव आहे. दगडी घरं, अरुंद बोळ, इवलंसं बंदर. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत संध्याकाळी पाच वाजता मी तिथल्या एका बोळातून चालत गेले तेव्हा ओळीने कितीतरी खिडक्या काळ्या होत्या. दारांशेजारी भिंतीला छोट्या पेट्या ठोकलेल्या, आकडे फिरवून किल्ली काढायच्या. मालक बाहेरचा, राहणारा आठवड्याचा पाहुणा, आणि हिवाळ्यात कुणीच नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईचे वडील तिथले मच्छीमार. तिच्या मुलाला त्याच गावात घर घेणं जन्मात शक्य नाही, तो तासाभराच्या अंतरावरून बोटीवर कामाला येतो.

आमच्या या कॉर्नवॉल काउंटीच्या किनाऱ्यालाही असलीच एक गोष्ट चिकटलेली आहे. पोर्ट आयझॅक या गावात २००४ ते २०२२ या काळात 'डॉक मार्टिन' ही मालिका चित्रित झाली. लंडनचा तुसडा, रक्त बघवत नाही असा सर्जन गावात डॉक्टर होऊन येतो आणि शाळेतल्या हसऱ्या बाईंशी त्याचं जमतं. दोन स्वभाव, एक देखणं बंदर. लोक आजही त्या गावात जाऊन डॉक्टरचं घर शोधतात. मालिका मलाही आवडते, ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आणि घरांच्या किमती एका मालिकेने वाढत नाहीत हेही कळतं. पण गाव एकदा 'बघायचं ठिकाण' झालं की तिथे राहणं हळूहळू बाहेरच्यांच्या हातात जातं, हे मी इथे रोज बघते. पर्यटकांना इथली जुनी माणसं 'एमेट' म्हणतात. एमेट म्हणजे मुंगी. आपल्याकडे चाकरमानी हा शब्द आहे. त्या शब्दात थोडी थट्टा असेल, पण माया आहे, कारण चाकरमानी परका नसतो.

इथल्या लोकांनी हातपाय हलवले. २०१६ साली सेंट आयव्ह्ज गावाने मतदान घेऊन ठरवलं की गावात नवं घर बांधलं तर ते कायम राहणाऱ्यालाच मिळेल. मग बाहेरचे लोक जुन्या घरांकडे वळले, म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. एप्रिल २०२५पासून कॉर्नवॉलमध्ये दुसऱ्या घरावर स्थानिक कर दुप्पट झालाय. त्यावरही भांडणं चालू आहेत. पण भांडण निदान नेमकं आहे: इथे राहणार कोण?

देवबागेतही खिडक्या काळ्या आहेत. फरक एवढाच की तिथे कुलूप आपल्याच माणसाने लावलंय. गणपतीला उघडतं, शिमग्याला उघडतं, परत बंद. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये ही चिंचोळी पट्टी. समुद्र दर पावसाळ्यात माडांची मुळं उघडी पाडतो, बंधाऱ्याची मागणी ग्रामसभेत परत परत होते, आणि त्या ग्रामसभेला तेवीस नावांपैकी जाणारा माणूस एकच. माझा चुलतभाऊ बाबू.

बाबू छत्तीस वर्षांचा आहे, पदवीधर आहे, पर्यटकांना स्कूबाला घेऊन जातो, रापणीत त्याचा वाटा आहे. चांगला दिसतो, चांगलं बोलतो. भाच्याने नायक त्याच्यावरूनच घेतलाय, आम्ही सगळ्यांनी ते ओळखलं. आणि बाबूचं लग्न होत नाहीये. स्थळं येतात, मुलीच्या घरचे माडांकडे कौतुकाने बघतात, घावणे खातात, आणि निघताना विचारतात, "मुंबईक खोली आसा काय?" नाही म्हटलं की नंतर फोन येत नाही. कोकणात राहिलेल्या कितीतरी मुलांची हीच कथा आहे. त्या मुली चुकतात असं मला बिलकूल वाटत नाही. बाळंतपणात काही अवघड झालं की गाडी गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या दिशेने धावते. मी नर्स आहे, मला त्या रस्त्यावरच्या मिनिटांचा अर्थ कळतो. शिकलेल्या मुलीला तिथे तिच्या शिक्षणाचं काम मिळत नाही. मी तरी कुठे राहिले?

म्हणून ती ट्रेन नायिकेला न घेता निघून जाते ना, तिथे मला त्रास होतो. अडीच तास तिचं काम, तिची हुशारी दाखवली, आणि शेवटी ती सगळं सोडून थांबते ते फक्त संध्याकाळ सुंदर आहे म्हणून. ज्या मुली नाही म्हणतात त्यांना हे खोटं वाटेल, आणि बाबूला तर फारच लागेल.

माझा नवरा यवतमाळचा. लग्नाआधी त्याने समुद्र एकदाच पाहिला होता, तोही सहलीला. बांगडा तव्यावर पडला की तो बाहेर जाऊन उभा राहायचा. मी मोठ्याने बोलणारी, तो दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. आता न्यूलिनच्या बाजारातून मॅकरल तोच आणतो, तोच साफ करतो. मॅकरल आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, पण जास्त तेलकट, त्याला तिरफळ थोडं जास्त लागतं. तिरफळाची बरणी आई दरवर्षी पाठवते. आमच्या स्वभावांतलं अंतर त्या बरणीने दोन वर्षांत मिटवलं. कुणाच्या आई-बाबांजवळ कोण राहणार हे मात्र सोळा वर्षांत ठरलेलं नाही. त्याचे बाबा यवतमाळला एकटे आहेत, माझी आई देवबागला, आणि आम्ही तिसऱ्याच कुणाच्या तरी समुद्राकाठी. प्रेमात पडताना हा प्रश्न दिसत नाही. प्रेम टिकवायला तोच प्रश्न रोज सोडवावा लागतो.

भाच्याला मी रविवारी फोनवर हे सगळं सांगितलं. सिनेमा कर, नक्की कर, विनोदीच कर. पण त्या मुलीचं नाव सातबाऱ्यावर घाल. ती लग्न लावायला येऊ दे आणि तिला तिच्या आजोबांचं कुलूपबंद घर सापडू दे. नायकाला खोल्या वाढवायला तिची सही हवी असू दे. मग भांडू देत दोघं, त्या भांडणात हवा तेवढा हशा आहे. आणि कुडाळला तिला गाडीत बसव. मे महिन्यात हा हापूसची पेटी घेऊन तिच्या ठाण्याच्या घरी जाऊ दे. मालवणच्या मुलाला मुंबईच्या स्वयंपाकघरात ओशाळून उभा राहिलेला आपण कधी पाहिलेलाच नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, मग शेवट काय?"

मी म्हटलं, बाबूला विचार. त्याने खरंच विचारलं, पटकथा त्याला वाचायला दिली. बाबूने दोन रात्रींत वाचली. ग्रुपवर तो कधी काही लिहीत नाही, त्याचा फक्त आवाज आला, मागे लाटा आणि कुणाच्या तरी इंजिनाची धडधड. "बरा लिवलंस रे. माका आवडला," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पण माका एक सांग, तेंचो पोरगो खंयच्या शाळेत जातलो?"

वाडीतल्या त्या शाळेत मी होते तेव्हा आमच्या वर्गातच चौतीस मुलं होती. या जूनला सगळे वर्ग मिळून नऊ आली.